सगळ्यात वरचा थर

"बाबा, हात नका ला—"

म्हणेपर्यंत बाबांनी कोळशाच्या चकतीवरून अंगठा फिरवलाही होता.

मुलगी सकाळपासून ती चकती घासत होती. आरशासारखी झाली होती. प्रयोगशाळेत तिला कुणी बोटही लावत नसे. पण खाणीत बाबा असाच अंगठा फिरवून सांगायचे, कोळसा आहे की नुसताच दगड. सवय. जन्मभराची.

"असू दे. इथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा."

"आधी कबूल कर, ती ऑक्सिजनची नळी घरातच राहील. नाकात वेसण घालून गल्लीतून फिरायला मी काय बैल आहे?"

"बैल ऐकतो तरी."

बाबा हसले. हसता हसता खोकले. ओठ निळसर झाले. ऑक्सिजनचा सिलिंडर दाराशी उभा होता, आपल्या चाकांवर. चार पावलांवर.

ते तिकडे बघेनात.

तिने पडदे ओढले. सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा लावला.

आधी काहीच नाही. मग

पिवळं.

सोनेरी. मिटलेल्या ओठांसारखं काही, शेकड्यांनी, काळ्यात तरंगणारं.

"हे काय गं?"

"झाडांचे बीजाणू. कोळसा व्हायच्या आधीचे. साचलेल्या पाण्यात पडले. पानं पडली, खोडं पडली. सगळं रान एकावर एक."

पाणी.

"मग कुजलं कसं नाही?"

"खाली हवाच पोचली नाही, बाबा. वर गाळ आला. गाळावर गाळ."

गाळ. दाब. ऊब. आणि वेळ, इतका वेळ की मोजायला कुणी जन्मलंच नव्हतं.

बाबा डोळा काढेनात. दलदलीतून बुडबुडा वर यावा तसा त्यांचा एकेक श्वास येत होता. कुठेतरी पान पडलं. खोलीत पान कुठून येणार? तरी दोघांनी ऐकलं.

"सकाळी डॉक्टरांनी दुर्बिणीतून काढलेला फोटो दाखवला. छातीतलं काळं." ते थांबले. दम घेतला. "तेही हेच?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"हेच."

"असंच पिवळं? आतून?"

"असंच."

"म्हणजे जन्मभर रान फोडलं. आणि थोडं खाल्लंही."

तिने फोकस किंचित फिरवला.

"हवा नव्हती म्हणून ते टिकलं," बाबा म्हणाले. डोळा तसाच लावून त्यांनी अंधारात हात मागे केला. "मी नाही टिकणार. आण ती वेसण."

नळी लावून बाबा बाहेर बाकावर जाऊन बसले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती, सावकाश वरखाली होणारी.

चकती पुन्हा घासायची होती. तिने घासायचं चाक सुरू केलं. चकती काढण्याआधी एकदा डोळा लावला.

सोनेरी रानावरून बाबांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या होत्या. वाऱ्याने पाण्यावर उठाव्यात तशा.

तिने चाक बंद केलं.