बाथरूमची कडी

तिने नवऱ्याला दंडाला धरून बाथरूममध्ये ओढलं आणि आतून कडी लावली.

"अगं, हे काय भलतंच!" कानावर पेन्सिल, अंगावर लाकडाचा भुसा, हातातलं काम टाकून आला होता बिचारा.

"आधी मला बोलू दे."

चार कुटुंबांच्या त्या घरात आतून बंद होणारं दार हे एवढंच. बाकीच्या कड्या त्यानेच काढल्या होत्या, राहायला आले त्याच आठवड्यात. आपलीच माणसं, लपवायचं काय, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. स्वयंपाक एक, टेबल एक, आणि काहीही ठरवायचं असलं की टेबलाभोवती बसून हात वर. माणसं वाईट नव्हती हो! ती तापाने फणफणली तेव्हा शेजारच्या खोलीतल्या मास्तरीणबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. पण या दोघांचं जरा वाजलं, की त्याच मास्तरीणबाई चहाचा कप घेऊन मधे येऊन बसायच्या. धड भांडायची सोय नाही, आणि भांडण मिटवून जवळ यायची तर त्याहून नाही.

"मी एक खोली बघून आलेय," ती भरभर बोलत सुटली. "लहान आहे, पण आपल्या दोघांची. संध्याकाळपर्यंत कळवायचंय. इथे जीव गुदमरतो रे माझा. असंच चाललं तर आपण या घरातली दोन माणसं उरू, नवरा-बायको नाही."

तो पालथ्या बादलीवर बसला. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण आहे आत? आटपा लवकर, मला दाढी करायचीय!" ड्रायव्हरकाका.

"आलेच काका!" ती ओरडली. तिचा सगळा जीव नवऱ्याच्या तोंडाकडे लागला होता.

"खिडकी आहे का गं?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. मोठी आहे."

"मग टेबल खिडकीशी ठेवू. दोघांपुरतं लहानसं करतो मी." आणि तो हसला. असा तिच्याकडे बघून तो कधी हसला होता, तिला आठवेना. तिला रडूच फुटलं.

तो उठला, त्याने कडी काढली. "थांब हं. सगळे टेबलावरच असतील. विचारून येतो."

"काय विचारून येतोस?"

"हेच. जायचं का ते."

"अरे, ऐकावं जनाचं, करावं मनाचं!"

"म्हणून तर आधी जनाचं ऐकतो," तो म्हणाला, आणि गेलासुद्धा. "चला काका, तुम्हीही चला. दाढी नंतर करा."

तिने पुन्हा कडी लावली. बाहेर खुर्च्या सरकल्या. आवाज चढले, उतरले. "आमचं काय चुकलं ते तरी सांगा," असं मास्तरीणबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. मग सगळं शांत झालं. ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

टकटक झाली.

"अगं, उघड ना. सगळ्यांचं मत झालं. फक्त आपल्या दोघांचं राहिलंय."

तिने कडीला हात लावला. "एकटाच आहेस?"

"हो गं, एकटाच."

ती खाली वाकली. दाराखालच्या फटीतून त्याच्या भुशाने माखलेल्या चपला दिसल्या. त्यांच्या मागे मास्तरीणबाईंच्या, बाजूला काकांच्या, आणि त्यांच्याही मागे सगळ्यांच्या.