पोटातलं मीठ

“खा म्हणतोय ना! का बाळासारखं भरवू?”

फर्हातनं जवाच्या भाकरीचा तुकडा गिल्बर्टच्या मांडीवर आपटला. तुकड्याला अजून चुलीची राख चिकटलेली.

“तू खा की. कालपासून उपाशी आहेस.” कैरोच्या तळावर राहून गिल्बर्ट बऱ्यापैकी अरबी शिकला होता.

“माझ्या पोटाची चौकशी नको, विमानवाल्या. गीळ.”

गिल्बर्टनं गिळला. करतो काय? बंदूक फर्हातकडे आणि वाटही त्यालाच ठाऊक.

महायुद्ध चालू होतं. गिल्बर्टचं ब्रिटिश बॉम्बफेकी विमान वाळवंटात पडलं तेव्हा इटालियनांनी त्याला तारांच्या कुंपणात डांबलं. तिथून निसटला तो थेट फर्हातच्या आईच्या तंबूत शिरला. मब्रूका म्हातारीनं नाव-गाव काही विचारलं नाही. मीठ लावून भाकरी दिली. पायाच्या फोडांवर तूप चोळलं.

पोटात पडलं आणि गिल्बर्टची जीभ सुटली. पांढऱ्या घुमटाजवळच्या विहिरीवर इटालियन लॉऱ्या उभ्या होत्या, आम्ही बॉम्ब कसे टाकले, सगळं हातवारे करून सांगितलं. मब्रूका उठून पडद्याआड गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली, पीठ मळायला बसली. मान वर न करता पोराला म्हणाली, “ह्याला त्याच्या माणसांत सोडून ये.”

तेव्हापासून फर्हात मागून चालत होता. वाट दाखवणारा पुढे चालतो. हा मागून. “डावीकडे हो,” “वाक,” एवढंच बोलायचा. आणि ऊन चढलं, उतरलं की भाकरी पुढे करायचा. गिल्बर्टला वाटायचं, हा आपल्याला परत इटालियनांच्या हवाली करणार.

टेकाडावर चढले आणि खाली ब्रिटिश तळ दिसला. लॉऱ्या, तंबू, चहाचा धूर. गिल्बर्ट हसतच सुटला.

फर्हातनं त्याचा हात धरून खाली बसवलं. झोळीतला शेवटचा तुकडा पुढे केला.

“आता कशाला? तिथं जाऊन खाईन. वेडा आहेस का तू?”

“खा!” फर्हातचा आवाज चिरकला. “तुझी पाठ दिसली की माझा हात बंदुकीवर जातो. आमचं मीठ पोटात आहे तोवर तुला हात लावता येत नाही. त्या विहिरीवर माझा भाऊ होता. उंटांना पाणी पाजत होता.”

गिल्बर्टचं हसू गेलं.

“तुझ्या आईला...?”

“तूच तर सांगितलंस तिला. मग तिनं वाटेसाठी भाकऱ्या थापल्या. घरात होतं तेवढं सगळं पीठ घेतलं.”

गिल्बर्टनं तुकडा तोंडात घातला. डोळे वाहत होते, घास उतरत नव्हता, तरी तो कोंबत राहिला. जोरात ठसका लागला.

फर्हातनं बंदूक वाळूत ठेवली. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पाण्याची पिशवी त्याच्या तोंडाला लावली.

“सावकाश चाव,” तो म्हणाला. “मी निघतो आता.”