पाच वर्षं थांबायचं

गेक इमच्या धाकट्या भावाचं लग्न ज्या वर्षी झालं त्याच वर्षी, म्हणजे १९९७ च्या ऑक्टोबरात, शेअर दलाल दुरैराज मलेशियातल्या पिनांगच्या त्यांच्या घरी चपला काढून आत आला आणि तिच्या वडिलांच्या खाटेशेजारी बसला. एरवी तिचे वडील, ऊई केंग स्वी, रोज सकाळी स्वतःच त्याच्या पेढीत जाऊन शेअरच्या भावांच्या फलकासमोर ठाण मांडायचे. पण दोन महिने त्यांचं पोट दुखत होतं. पोटात व्रण आहे, असं घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं.

व्रण नव्हता. यकृताचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी इस्पितळाच्या व्हरांड्यात मायलेकींना तीन महिने सांगितले, तेव्हा तिथल्या तिथे आईने लेकीचं मनगट धरलं. "तुझ्या काकाला सांगितलं, तर तो आठ दिवसांत गेला. तुझ्या बापाला कुणी सांगायचं नाही."

दुरैराजला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला बाजार ठाऊक होता. भाव रोज उतरत होते, आणि लोखंडी सामानाचं दुकान विकून आलेला केंग स्वींचा जवळजवळ सगळा पैसा शेअरमध्ये होता. त्यांच्यामागे बायकोला जगायला दुसरं काही नव्हतं. निम्मे तरी आज विका आणि मुदतीच्या ठेवीत टाका, तो सांगत होता. बाजार आणखी पडला तर तेवढं तरी हातात राहील.

"या महिन्यात दलाली सुटलेली दिसत नाही तुझी," केंग स्वी म्हणाले. सत्याऐंशी साली बाजार कोसळला तेव्हा कोण कोण घाबरून विकून बसले आणि मग डोक्याला हात लावून बसले, ते त्यांनी नावांनिशी सांगितलं. आपण तेव्हा हललो नाही. त्याच पैशातून या पोरीचं कॉलेज झालं.

दुरैराज हसला नाही. "शेठ, पाच वर्षं थांबायची ताकद असेल तर हात लावू नका. मीच लावू देणार नाही. पण मधेच पैसा लागणार असेल, तर आजच विका."

केंग स्वींनी मान वळवली. "गेक इम, तू शिकलेली आहेस. सांग, पाच वर्षं थांबायला आपल्याला काय अडचण आहे?"

विका म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. थांबा म्हणावं, तर आई उघड्यावर पडणार. गेक इमने आईकडे पाहिलं. आई बार्लीच्या पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. शेअरमधलं तिला कळत नव्हतं, पण हा पैसा कुणाच्या म्हातारपणाचा आहे ते कळत होतं.

तिने पेला खाली ठेवला आणि नवऱ्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"पोरीला काय विचारता," ती म्हणाली. "पाच काय, दहा थांबू. कुठे जायचंय आपल्याला?"

"ऐकलंस?" केंग स्वी दुरैराजला म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. विकायचं तर सोडाच, पडलेल्या भावात आणखी वीस लॉट शेअर घे, म्हणाले. औषधपाण्यासाठी बँकेत जे ठेवलं होतं, त्यातून.

दुरैराजने एकदा गेक इमकडे पाहिलं. तिने खाली ठेवलेला पेला उचलून वडिलांच्या हातात दिला. मग त्याने लिहून घेतलं. त्या दुपारी केंग स्वींनी वाटीभर पेज मागून घेतली आणि खारवलेल्या अंड्याबरोबर सगळी संपवली.

ऊई केंग स्वी १२ जानेवारी १९९८ ला, सोमवारी सकाळी वारले. बाजार उघडून अर्धा तास झाला होता, आणि त्यांच्या शेअरांची किंमत जवळजवळ काही उरली नव्हती. त्यांची बायको त्यांच्यामागे चौदा वर्षं जगली, पहाटे उठून केळीच्या पानात भात बांधायची आणि बस थांब्यापाशी विकायची. ती २०१२ च्या मार्चमध्ये गेली.