आपल्या दारात

नातू ऋत्विकचं लग्न झालं, त्या वर्षीची गोष्ट. मोताळ्याजवळ शेतात आम्ही मोठं घर बांधलं होतं. तिन्ही मुलांना वेगळ्या खोल्या, नातवंडांसाठी माडी, आणि आमच्या बिजली घोडीला पक्का तबेला. मुलं पुण्यातच राहिली. त्या घरात मी, माझी बायको सत्यभामा आणि बिजली एवढेच होतो.

बिजली वरातीची घोडी. डफडं वाजलं की नाचायची. तालुक्यात किती जणांच्या दारात नाचली असेल! सत्यभामा फोनवर ऋत्विकच्या मागेच लागली होती.

"तुही वरात आपल्या घरून निघू दे. बिजली एकडाव आपल्या दारात नाचू दे. भरलेलं घर मले पाहू दे."

"आजी, पुण्याच्या हॉलवर घोडी पार्क कुठी करू?"

"मंग लगन अठीच कर ना बे!"

लग्न पुण्यालाच झालं. नवरदेव कारमधून आला.

त्याच वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले. तिन्ही खोल्या भरल्या. ऋत्विकने बायकोची बॅग माडीवर नेऊन ठेवली. दारात डफडं वाजलं आणि बिजली पहिल्यांदा आपल्या दारात नाचली. ऋत्विक तिला आवरायला गेला, आणि तिच्या गळ्याला मिठी मारून रडू लागला.



म्हाताऱ्या माणसाला वाजतगाजत न्यायची आमच्याकडे रीत आहे. सत्यभामा पोळ्याच्या संध्याकाळी वारली.