एक भागिले किती?

चेसांग गाडीतून उतरेना.

शाळेच्या पटांगणावर अख्खा डोंगर लोटला होता. तिची आई यापसिवा आंबवलेल्या दुधानं भरलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा काखेत धरून गाडीशी उभी होती. जिंकून आलेल्याला आधी दूध पाजायचं, बाकी सगळं मग. पण पोरीनं काच वर करून घेतली होती. राजधानीतल्या रेडिओवाल्यानं सकाळीच साऱ्या देशाला ऐकवलं होतं: एवढा मोठा देश, जागतिक स्पर्धेत पदक एकच, तेही कांस्य. यादीत चौसष्टावे! ते पदक जिच्या गळ्यात होतं, तिनं हे वाटेत, गाडीत बसून ऐकलं होतं.

"मास्तर, आता तुम्हीच काहीतरी करा," क्रीडा संघटनेचा अध्यक्ष कुजबुजला आणि त्यानं भोंग्याचा माइक निवृत्त गणितमास्तर मुसोबोंच्या हातात कोंबला. "असा हिशेब काढा, की आपण वर येऊ."

मुसोबो मास्तरांनी चाळीस वर्षांत कुणाला अर्धा गुण फुकट दिला नव्हता, पोटच्या पोरालासुद्धा नाही. असा माणूस गावाला एखादाच लाभतो. पण चेसांग त्यांचीच विद्यार्थिनी. त्यांनी वर्गातला फळा बाहेर आणवला आणि खडू उचलला.

"आधी सोनं बघितलं, तर चौसष्टावे. सगळी पदकं सारखी धरली, तर एकोणसाठावे."

"पाच पायऱ्या चढलो की!" मागून कुणीतरी ओरडलं. "आणखी दोन-चार हिशेब करा मास्तर, जेवायच्या आत पहिले येऊ!"

पटांगण खदखदून हसलं. मास्तर हसले नाहीत.

"खरा न्याय करायचा, तर पदकं भागिले माणसं. नाहीतर लहान देशांनी जायचं कुठं? तर आपली माणसं..." हा हिशेब आपल्याला आणखी खाली नेणार हे त्यांना ठाऊक होतं, तरी ते आकडा लिहायला लागले.

"थांबा!" यापसिवा फळ्यापाशी आली. "माणसं मोजताय? तेही आजच्या दिवशी? गुरं मोजू नयेत, पोरं मोजू नयेत. मोजलं की घटतं. पुसा आधी ते!"

गोठ्यात गाई किती, हे या डोंगरावर सख्ख्या भावालाही कुणी विचारत नाही. मास्तरांनी निमूटपणे आकडा पुसला.

"मग कशानं भागू, बाई?"

"ती सगळी माणसं तिच्यासंगं धावली का? देशानं तिला जे दिलं, त्यानं भागा."

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांत एकाही वर्गात त्यांच्यासमोर कुणी इतकं शहाणं बोललं नव्हतं. मग ते गर्दीकडे वळले आणि वर्गात विचारायचे तसं विचारू लागले.

"धावायला मैदान दिलं?"

"शून्य!" गर्दी म्हणाली.

"शिकवायला कुणी माणूस?"

"शून्य!"

"बूट?"

"ते तिनंच शर्यतीत जिंकले!"

"म्हणजे दिलेले किती?"

"शून्य!"

अध्यक्ष स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

मास्तरांनी फळ्यावर एक लिहिला, खाली रेघ मारली, रेघेखाली शून्य काढलं.

"सांगा. एक भागिले शून्य?"

पटांगणातले निम्मे लोक त्यांच्याच हाताखालून गेलेले, पण एकाला आठवेल तर शपथ. उत्तर आलं ते गाडीतून. काच खाली झाली होती.

"शून्यानं भागता येत नाही, मास्तर. एवढं चुकले म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत."

"मग यादीत आपण कितवे?" मास्तरांनी भोंग्यातून विचारलं.

"यादीत बसतच नाही आपण," चेसांग म्हणाली आणि तिनं दार उघडलं.