नदीत थबकलेला घोडा

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पण ओहायोतल्या आमच्या गल्लीत मी शेजाऱ्यांचे सिनेमे फुकटात पाहायचो. केबल कंपनीचा सेट-टॉप बॉक्स न घेता मी केबल थेट टीव्हीतल्या ट्यूनरला जोडली होती. शेजाऱ्यांनी पैसे भरून केबलवर मागवलेले सिनेमे त्यात भलत्याच चॅनल नंबरांवर सापडत. त्यांनी सिनेमा थांबवला, की माझाही थांबे.

माझी बायको व्हर्ना होती तेव्हा आम्ही सिनेमाच्या व्हिडिओ टेप लावायचो. मी पॉपकॉर्न करायला उठलो की ती ओरडायची, "थांबवलंय रे ऑर्विल, सावकाश ये!" मी परतलो की थोडं मागे नेऊन लावायची.

ती गेल्यावर ८७.३ नंबरच्या चॅनलवर एक जुना काउबॉयचा सिनेमा लागू लागला. मी स्वयंपाकघरात गेलो की घोडा नदीत थबकतो. मी खुर्चीत बसलो की चित्र जरा मागे जातं, मग पुढे सरकतं.

रविवारी मुलगी मार्लीन मला कायमचं ॲरिझोनाला तिच्या घरी न्यायला आली. मी तिला हे सगळं सांगितलं आणि पॉपकॉर्न करायला उठलो. "मी येत नाही," मी आतून म्हणालो. "तिथे माझ्यासाठी कोण थांबणार?"

"थापा पुरे, डॅड!" ती टीव्हीसमोरून ओरडली. "ते फुकटचे चॅनल कंपनीने मागच्याच वर्षी कुलूपबंद केलेत! आणि हा घोडा कधीचा नदीत का उभा आहे?"