डबल बेल

पलंगाची गाडी साडेआठपासून स्टॉपवर उभी होती. उशा लागल्या होत्या, चादर ताणून झाली होती, मोठा दिवा मालवला होता. आणि कंडक्टरबाई मात्र भिंतीला टेकून, डोळे टक्क उघडे ठेवून बसल्या होत्या. वय वर्षं साडेचार. घरात तिला भिंगरी म्हणत, ते का, हे वेगळं सांगायला नको.

"दे ना बेल, राणी," बाप म्हणाला. "गाडीला उशीर होतोय."

"थांब."

बाप खरोखरीचा कंडक्टर. बारा वर्षं नोकरीत. दाराला लोंबकळणारी दहा-दहा माणसं एका आवाजात आत घ्यायचा. पण या एका प्रवाशानं त्याच्या नाकी नऊ आणले होते. झोपवायचा हा खेळ त्यानंच काढला होता. भिंतीवर एकदा टक् केलं की गाडी थांबायची, टक् टक् दोनदा केलं की सुटायची. सुटली की डोळे मिटायचे, आणि बापानं पलंग हळूहळू हलवायचा. वर्षभर कसं छान चाललं होतं. तिसऱ्या स्टॉपच्या पुढं भिंगरी कधी जागी राहिली नव्हती.

बिनसलं ते सोमवारपासून. सोमवारी आई रक्तपेढीत रात्रपाळीला जायला लागली. चार वर्षं घरी काढल्यावर मिळालेलं काम. आणि तेव्हापासून अकरा वाजले तरी भिंगरी जागी, सकाळी शाळेत डुलक्या. आज निघताना आईनं चपला घालता घालता, खाली बघूनच सांगितलं होतं, "आजही जागी राहिली ना, तर उद्या मी काम सोडते म्हणून तिथं सांगून टाकते. लेकरापेक्षा काय मोठंय?" पहिल्या दिवशी ओळखपत्र गळ्यात घालून ती आरशापुढं दोनदा उभी राहिली होती, ते बापानं पाहिलं होतं. तिचं काम सुटू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.

"बरं, मीच देतो बेल." त्यानं हात उचलला.

"नको!" भिंगरीनं दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं. "माणूस मागं ठेवून बेल द्यायची नाही. तूच सांगितलंस."

"अगं पण मागं राहिलंय कोण? मी आहे, तू आहेस, तुझा ससा आहे. भरली की गाडी."

"आई कुठं चढलीय अजून?"

बापाचा हात तसाच वर राहिला. घ्या! चार रात्री तो तिच्यावर रागावला होता, दूध पाजलं होतं, पाय चेपले होते, खोटं खोटं घोरूनही दाखवलं होतं. आणि पोरगी बिचारी त्याचाच धडा गिरवत ताटकळत होती. खाण तशी माती, दुसरं काय! त्याला हसू आलं, आणि पाठोपाठ स्वतःच्या रागाची लाज वाटली.

"आई पहाटे सहाला चढणार," तो हळूच म्हणाला.

"मग सहापर्यंत थांबायचं."

"थांबू या की. तोवर तिची जागा धरून ठेवू."

त्यानं खिशातला रुमाल काढून आईच्या उशीवर पसरला. भिंगरीनं वाकून पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला.

"हा तुझा आहे. मग जागा तुझी होईल."

बरोबरच होतं. तो उठला, दोरीवरचे कपडे चाचपत आईचा निळ्या काठाचा रुमाल शोधून आणला. भिंगरीनं त्याचा वास घेतला, मान हलवली आणि स्वतःच्या हातानं उशीवर टाकला.

"आता दे बेल," बाप म्हणाला.

"रुमाल म्हणजे काय आई आहे?"

बापानं डोकं खाजवलं.

"बरं, मग राहू दे गाडी उभी. पण उभ्या गाडीत कंडक्टर काय करतो, माहितीय? दोन फेऱ्यांच्या मधे मी काय करतो?"

"काय?"

"मागच्या सीटवर आडवा होतो. उभ्या गाडीत झोपायला मनाई नाही. प्रवासी आला की उठायचं, बेल द्यायची."

भिंगरीनं विचार केला. "साहेब ओरडत नाहीत?"

"साहेब पण झोपलेले असतात."

हे तिला पटलं. ती आडवी झाली. एक हात लांब करून तिनं रुमालाचं टोक मुठीत धरलं. पावणेदहाला मूठ सैल झाली. बापानं खाली सतरंजी टाकली. वरची जागा धरलेली होती.

पहाटे कुलपात किल्ली फिरली. आई चपला हातात घेऊन दारात उभी होती. तोंड उतरलेलं. आवाज न करता तिनं ओठांनीच विचारलं, "कधी?"

"पावणेदहा," तो कुजबुजला.

"खरं सांगा."

"तुझी शपथ."

तिनं दाराला पाठ टेकली आणि डोळे पुसले. मग पलंगाकडे बोट केलं. "आणि हे काय?"

"तुझी जागा धरलीय."

आईनं रुमाल उचलला आणि अलगद आडवी झाली. भिंगरीनं डोळे उघडले नाहीत. तिचा हात तेवढा चादरीतून बाहेर आला, चाचपत चाचपत भिंतीपर्यंत गेला.

टक् टक्.